तीस सेकंदांपुरता दम

सेंदाई, ३ डिसेंबर २०१८

नाराओका मिसाओ-सान,

युकिमोरीचा कारखाना ३१ मार्चला बंद होतोय. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या ओइकावा-सान यांनी काल दुपारी स्वतः फोन करून सांगितलं, त्यामुळे ही अफवा नाही. रॉकेलच्या शेगड्या आता फारसं कुणी घेत नाही. गोदामातला माल संपला की साठ वर्षांचं नाव संपलं. वर्तमानपत्रात पुढच्या आठवड्यात येईल. तुम्हाला त्याआधी कळावं म्हणून लिहितोय.

मी तोगाशी शुइची. इतकी वर्षं आपण एकमेकांना नववर्षाची कार्डं पाठवतो, त्यामुळे नाव ओळखीचं असेल, अक्षरही असेल. मी दर वर्षी कार्डावर ‘प्रकृतीला जपा’ लिहितो. तुम्ही काहीच लिहीत नाही, छापलेलं तेवढंच येतं. चार वर्षांपूर्वी कार्डाऐवजी दुखवट्याचं पत्र आलं, तेव्हा तुमचे यजमान गेल्याचं कळलं. तेव्हाही मी दोनच ओळी लिहिल्या, त्याबद्दल क्षमा असावी.

आता कामाचं. कंपनीला माझ्याकडून निरोपाची एक जाहिरात करून हवी आहे. ती शेवटच्या दिवशी एकदाच लागेल, संध्याकाळच्या हवामानाच्या अगोदर, म्हणजे आपली जुनी जाहिरात तेव्हा लागायची त्याच जागी. तीस सेकंद. चित्र तेच ठेवायचं: बर्फातलं घर, खिडकीत शेगडीची ज्योत, वाटेवर कुणी नाही. गाणंही तेच. फक्त ओइकावा-सानना आवाज नव्यानं हवाय. आवाज तुमचाच, पण आजच्या वयातला.

ओइकावा-सान छत्तीस वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, “हे गाणं लागलं की आमची आई हातातली भांडी टाकून बाहेर यायची. सहा हिवाळे, रोज. पहिलं कडवं अख्ख्या उत्तरेला पाठ आहे. त्या बाई अजून वाट बघतायत, असं वाटायला हवं.”

एका दिवसाचं काम आहे. गाडी ते पाठवतील. आणि या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात तुमचं नाव असेल. तेव्हा नव्हतं, हे मी विसरलेलो नाही.

गाल का?

तोगाशी शुइची


हाचिनोहे, ११ डिसेंबर

तोगाशी-सान,

सोमवारपासून इथे वारा समुद्रावरून येतोय. अंगणात मासळी वाळवायच्या दोरीवर टांगलेल्या माकल्या एका दिवसात कडक होतात आणि बोटांच्या चिरा मार्चपर्यंत बुजत नाहीत.

पत्रात आधी हवामान लिहायचं असतं, असं. तुम्ही पहिल्याच ओळीत कारखाना बंद केलात. सत्तरी उलटली तरी हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही वाटतं. तेव्हाही असेच होतात. मी त्या मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये मजले सांगायच्या नोकरीवर उभी होते, डोक्यावर ती टोपी, हातांत पांढरे हातमोजे. ‘चौथा मजला, पुरुषांचे कपडे’ म्हटलं आणि तुम्ही, ओळख ना देख, म्हणालात, “बाई, तुम्ही गाता का?” लिफ्टमधल्या दोन म्हाताऱ्या किती हसल्या होत्या.

तुमचं पत्र माझी नणंद कियो माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला वाईट सवय आहे. ती म्हणाली, “हाच ना तो स्टुडिओतला काचेमागचा माणूस?” मी मान हलवली. “अजून आहे? मला वाटलं, असली माणसं कामाच्या गडबडीतच जातात.” मग म्हणाली, “जा की. एक दिवस माकल्या मी बघते.”

जमणार नाही. हंगाम आहे. रविवारी धक्क्यावरच्या बाजारात आमची गाडी लागते, आणि त्यासाठी शनिवारपर्यंत सगळं बांधून व्हावं लागतं.

एक विचारते. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तिन्ही कडवी म्हटली होती. मला चांगलं आठवतंय. तुम्ही काचेपलीकडे होतात, डोळे मिटलेले. गाणं संपल्यावरही तुम्ही ते उघडले नाहीत. मग नवीन कशाला हवं? ती टेप कुठे आहे? तीच लावा की.

मिसाओ


सेंदाई, १६ डिसेंबर

मिसाओ-सान,

सेंदाईत ढगाळ आहे, बर्फ नाही. शिकतोय मी.

तुम्ही तिन्ही कडवी म्हटली होती, मलाही आठवतं. पण ती टेप राहिली नाही. कंपनीकडे फक्त तयार जाहिरात आहे, निवेदकासकट. तेव्हा टेपा महाग होत्या. जाहिरात पुरी झाली की त्याच टेपेवर पुढची करायचो. तुमच्या आवाजावर बहुतेक सोयाबीनच्या लोणच्याची जाहिरात चढली असेल. मला याचं वाईट वाटतं, पण तेव्हा सगळीकडे तीच रीत होती.

नावाचंही तसंच. कोपऱ्यात नाव टाकलं नाही, म्हणून लोकांनी कंपनीला फोन केले, ‘कोण गातंय?’ पहिल्या हिवाळ्यात नऊशे फोन आले. त्यामुळेच तर पूर्ण गाण्याची रेकॉर्ड काढायचं ठरलं. ती टोकियोच्या गायिकेकडून गाऊन घ्यायची, हे कंपनीनं ठरवलं, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. रेकॉर्ड चालली नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. लोक दुकानात जाऊन म्हणायचे, ही ती नव्हे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून झाली, ती कबूल करतो. जाहिरातीच्या सुरुवातीला आणि शेवटी अर्धा अर्धा सेकंद आवाज ठेवायचा नसतो, हा टीव्हीचा नियम. दोन जाहिराती एकमेकींवर आदळू नयेत म्हणून. तुमची शेवटची ओळ होती, ‘बर्फ थांबला की ये, नाही थांबला तरी ये.’ ते शेवटचं ‘ये’ तुम्ही लांबवलं होतंत. त्यानंतर निवेदकाला ‘युकिमोरीची शेगडी’ म्हणायला चार सेकंद हवे होते. काही केल्या बसेना. मी ‘ये’ अर्ध्या सेकंदानं कापलं. ब्लेडनं, माझ्या हातानं.

म्हणून म्हणतो, पुन्हा गा. या वेळी काही कापणार नाही. हंगाम संपल्यावर, फेब्रुवारीतही चालेल. मी ओइकावा-सानना अजून नकार कळवलेला नाही.

तोगाशी


हाचिनोहे, २२ डिसेंबर

तोगाशी-सान,

बर्फ. दोन दिवस.

अर्धा सेकंद तुम्ही कापलात, हे मला माहीत होतं. जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा मी स्टेशनाजवळच्या टीव्हीच्या दुकानासमोर उभी होते. काचेत सात टीव्ही होते आणि सातही घरांत शेगडी पेटलेली. ‘ये’ मधेच तुटलं, तोंडावर दार लागावं तसं. शेजारी एक बाई उभी होती. ती म्हणाली, “काय गोड आवाज आहे, नाही?” मी म्हटलं, हो.

गाणार नाही. फेब्रुवारीत नाही, कधीच नाही. जुनंच लावायचं असेल तर त्याला परवानगी द्यायची का, ते मार्चमध्ये सांगेन.

फोन करू नका. पत्र लिहा.

मिसाओ


सेंदाई, ६ जानेवारी २०१९

मिसाओ-सान,

तुम्ही नको म्हटलं होतंत, तरी मी ३ तारखेला दुपारी फोन केला. चूक माझी. पण नववर्ष होतं, आणि मला वाटलं, दोन शब्द बोलल्यावर गाठ सुटेल.

फोन तुम्ही उचललात. मी नाव सांगितलं, नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. पलीकडे श्वास ऐकू येत होता, फटीतून वारा यावा तसा. मी म्हटलं, “मिसाओ-सान, तुम्ही अजून रागावलाय का?” त्यावर तुम्ही रिसीव्हरवर बोटानं दोनदा टकटक केलीत आणि फोन ठेवलात.

एकाहत्तर वर्षांच्या माणसाशी असं कुणी वागत नाही. दार वाजवून पळणारी पोरं करतात तसं. बत्तीस वर्षांत मी दर नववर्षाला न चुकता कार्ड पाठवलं. त्याला एक शब्द नाही. आता विनंती केली तर टकटक. राग असेल तर तो बोलून दाखवा. तुमचा आवाज मी गाण्यासाठी मागितला होता. शिव्यांसाठी वापरलात तरी चालेल, पण वापरा.

ओइकावा-सानना मी उद्या सांगतो, की तुम्ही तयार नाही.

तोगाशी शुइची


हाचिनोहे, १२ जानेवारी

तोगाशी-सान,

आज ऊन आहे. अंगणातला बर्फ वरून विरघळतोय आणि खालून पुन्हा गोठतोय. काल कियो त्यावरून पडली, आणि मग तिनं बर्फाला अशा शिव्या दिल्या की शेजारचे बाहेर आले. शिव्या तिच्याकडून घ्या, माझ्याकडे नाहीत.

माझ्याकडे आवाजच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात स्वरयंत्र काढलं. गाठ होती. बाजारात ओरडून ओरडून घसा बसलाय, असं मी सहा महिने म्हणत राहिले, आणि त्यात उशीर झाला. आता गळ्याला खाली भोक आहे, त्यातून श्वास घेते. फोनवर वारा ऐकलात तो माझा.

घरात एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. कियो बाहेर गेली होती, तुम्ही विचारलंत, अजून रागावलाय का. मी दोनदा वाजवलं.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं. ते लावून मी पहिल्यांदा ‘जेवायला चला’ म्हटलं, तर शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. कियो हसली, मग रडली, मग म्हणाली, “ठेव ते कपाटात. तुझ्या डोळ्यांकडे बघून कळतं मला, मीठ कमी आहे की जास्त.” कपाटात आहे.

हे आधीच लिहायला हवं होतं. पण तुमच्या पत्रात होतं की, ‘त्या बाई अजून वाट बघतायत असं वाटायला हवं.’ अख्ख्या उत्तरेत कुणीतरी तो आवाज अजून आहे असं समजतंय. ते थोडे दिवस तसंच राहावं असं वाटलं.

टेप पुसली गेली, हे वाचलं त्या दिवशी मात्र मी कामाला गेले नाही. दवाखान्यात टेबलावर झोपवलं तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की ती तीन कडवी कुठेतरी आहेत. कुठल्यातरी डब्यात, सेंदाईत, अंधारात. हे कापून काढतायत ते शिल्लकचं आहे, खरं तिकडे आहे. असं मनाशी धरून मी झोपले.

माझ्या बोलण्याचीही टेप नाही. यजमानांना फोटोंचा नाद होता, आवाजाचा नव्हता.

मिसाओ


सेंदाई, २ फेब्रुवारी

मिसाओ-सान,

तीन आठवडे लागले. हवामानाबद्दल लिहायला धीर होत नाही.

तुमचं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग बराच वेळ बसलो नाही. सहा तारखेचं माझं पत्र जाळून टाका.

मी घराच्या मागची खोली उपसली. मोठी टेप पुसली गेली, ते खरं आहे. पण त्या काळात स्टुडिओतून घरी जाताना मी त्या दिवसाचं काम एका साध्या कॅसेटवर उतरवून न्यायचो, रात्री ऐकून चुका काढायला. बहुतेक कॅसेटी फेकल्या. तुमची सापडली. वर पेन्सिलीनं लिहिलंय: ‘युकिमोरी, कुजी, १४ ऑक्टोबर’. तेव्हा तुम्ही कुजी मिसाओ होतात.

ती सोबत पाठवतोय. ऐकण्याआधी पुढचं वाचा.

त्यात तीन कडवी नाहीत. एकच आहे. मी तुम्हाला लिहिलं की मलाही तिन्ही आठवतात. मला काहीच आठवत नव्हतं. तुम्ही इतक्या खात्रीनं लिहिलंत की ‘हो’ म्हणणं सोपं वाटलं. पहिलं कडवं आहे, शेवटचं ‘ये’ पूर्ण आहे, न कापलेलं. ते संपतं न संपतं तोच मी तुमच्याशी बोलायचं बटण दाबलंय आणि काचेपलीकडून माझा आवाज येतो: “पुरे. छान झालं.” तुम्ही विचारता, “दुसरं कडवं म्हणू का? पाठ आहे मला.” मी म्हणतो, “लागणार नाही.” त्यानंतर काही नाही, मिनिटभर नुसतं बोलणं आहे.

आता खरं. रेकॉर्ड काढायचं ठरलं तेव्हा कंपनीचे म्हातारे मालक मला म्हणाले होते, “त्याच बाई गातील ना?” हा प्रश्न त्यांनी विचारला होता. टोकियोचं नाव त्यांनी काढलंच नाही, ते मी काढलं. आठ दिवसांत रेकॉर्डिंग उरकायचं होतं, टोकियोत तयार गायिका होती, आणि तुमच्याबरोबर तालमी करायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी मालकांना म्हटलं, “त्या बाईंचा दम तीस सेकंदांपुरताच आहे. पूर्ण गाणं झेपणार नाही.”

हे मी कुठल्या आधारावर म्हटलं? मी तुम्हाला तीस सेकंदांच्या पुढे कधी गाऊच दिलं नव्हतं. कॅसेट ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा हे कळलं.

पुढच्या वसंतात तुम्ही लिफ्टची नोकरी सोडून हाचिनोहेला परत गेलात, असं कुणीतरी सांगितलं. मी नववर्षाचं कार्ड टाकलं. ‘प्रकृतीला जपा.’

माफी मागतो. मागायला बत्तीस वर्षं उशीर झालाय, आणि आता मागून तुमच्या हाती काही लागत नाही, हेही समजतं.

तोगाशी शुइची


सेंदाई, २४ फेब्रुवारी (पोस्टकार्ड)

मिसाओ-सान,

कॅसेट पोचली असेल अशी आशा आहे. ओइकावा-सानना मी सगळं सांगितलं, माझ्या त्या वाक्यासकट. त्या म्हणाल्या, “त्यांनी जुन्या गाण्यालाही नाही म्हटलं तर आम्ही चित्र मुकं दाखवू.” उत्तर १० मार्चपर्यंत हवं आहे. घाई करत नाही. जन्मभर तेच केलं.

तोगाशी


हाचिनोहे, ४ मार्च

तोगाशी-सान,

धक्क्यावर समुद्रपक्षी आलेत. म्हणजे कागदावर वसंत आला, अंगावर नाही. शेगडी अजून दिवसभर लागते. आमची युकिमोरीचीच आहे. यजमानांनी लग्नानंतर घेतली. हौसेनं आणली आणि पेटवताना ते गाणं गुणगुणायला लागले. ते मी गायलंय, हे त्यांना माहीत नव्हतं. मी दोन वर्षांनी सांगितलं.

तुमचं पत्र वाचून कॅसेट मी जवळजवळ चार आठवडे ऐकली नाही. पिठाच्या डब्यात ठेवली होती. त्या एका वाक्याशी मी बसून होते, दम तीस सेकंदांपुरता. माकल्या चिरताना तेच, बांधताना तेच. आज तर तीस सेकंदांचाही नाही, जिना चढताना दोनदा थांबते. म्हणजे आज ते खरं आहे. तेव्हा नव्हतं. त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी तीन कडवी एका दमात म्हणून दाखवली असती, आणि लिफ्टमधून उतरून दुसरीकडे कुठेतरी गेले असते. कुठे, ते माहीत नाही. कदाचित इथेच आले असते. पण मी आपणहून आले असते, कुणी पाठवल्यासारखी नाही.

काल कियोनं डबा उघडला. तिला भाकरीएवढे सेंबे, पिठाच्या त्या कडक चकत्या, भाजायचे होते, सारात घालायला. कॅसेट हातात घेऊन म्हणाली, “हे पीठ कुठल्या गिरणीचं?” आणि मला न विचारता शेडमधल्या जुन्या रेडिओत घातली.

गाणं झालं. ‘ये’ पूर्ण झालं. चांगलं आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा थोडं कोवळं आहे. मग तुम्ही “पुरे” म्हणालात. मग मी बोलले.

तुम्ही लिहिलंत, ‘त्यानंतर काही नाही, नुसतं बोलणं आहे.’ तोगाशी-सान, ते मिनिटभर आहे. मी विचारते, दुसरं कडवं म्हणू का. मग म्हणते, या चपला काढल्या तर चालेल का, टाचा दुखतायत. मग कुणीतरी चहा आणतं आणि मी म्हणते, “अगंबाई, यात साखर आहे!” आणि हसते. ठसका लागेपर्यंत हसते. त्यात विनोद काय होता, मला आठवत नाही.

कियो उलट्या बादलीवर बसली होती. म्हणाली, “कशी गं बडबडी होतीस तू. मी विसरलेच होते.” मग परत लावलं. अकरा वेळा लावलं. शेवटी मी बटण बंद केलं, नाहीतर टेप तुटली असती.

तीन कडव्यांचं कोडंही तिनंच सोडवलं. मी पाटीवर लिहून विचारलं, मग तिन्ही मी म्हटली कुठे? ती म्हणाली, “इथे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, माकल्या धुताना, रोज. मी बाहेरून ऐकायचे. वहिनी गाते हे घरात कळलं तर आई तुला बोलेल म्हणून मी आत यायचे नाही.” म्हणजे काच होती, पण ती शेडच्या खिडकीची. पलीकडे डोळे मिटून उभी होती ती कियो. तुम्ही नव्हतातच. तुम्हाला मी तिथे उगीच बत्तीस वर्षं उभं केलं.

तुमची माफी पोचली. परत पाठवत नाही. तिचं काय करायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही, आणि ठरलं तर तुम्हाला कळवीनच असंही नाही.

परवानगी देते. एका अटीवर. निवेदक नको. त्या चार सेकंदांत ‘ये’ पूर्ण होऊ द्या, आणि त्यामागून माझं बोलणं ठेवा: “दुसरं कडवं म्हणू का? पाठ आहे मला.” तुमचं “पुरे. छान झालं” काढा, आणि “लागणार नाही” कापा. ब्लेडनं कापा, तुमच्या हातानं. तिथे तुमचा तो नियमाचा अर्धा सेकंद येऊ द्या.

नाव कुजी मिसाओ लिहा. गायली ती. नाराओका मिसाओ माकल्या विकते.

कॅसेट परत हवीय. मऊ कागदात गुंडाळून पाठवा, डब्यात घालून. तोवर कियो माझ्याशी बोलणार नाही, असं म्हणतेय. बोलतेय मात्र सारखी.

मिसाओ


सेंदाई, १५ मार्च

मिसाओ-सान,

ओइकावा-सान यांनी आज सकाळी कळवलं, तुमची अट मान्य झाली. सहज झाली नाही. बैठकीत एक जुने संचालक म्हणाले, “शेगडीचं नाव कुणी उच्चारणार नाही, तर ही जाहिरात कसली?” ओइकावा-सान म्हणाल्या, “साहेब, विकायला काय उरलंय?” मग कागद सह्यांसाठी फिरला. त्यांना १ एप्रिलपासून नोकरी नाही, त्यामुळे त्यांना बोलता आलं असेल. कंपनीचं नाव शेवटी फक्त लिहिलेलं दिसेल.

काल मी स्टुडिओत गेलो. आता ब्लेड नसतं, सगळं पडद्यावर होतं. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, “आजोबा, मी करून देतो, तुम्ही बसा.” मी म्हटलं, नको. त्यानं कुठली कळ दाबायची ते दाखवलं. “पुरे” आधी काढलं. “लागणार नाही” दोन वेळा अर्धवट कापलं गेलं, तिसऱ्यांदा जमलं. सुरुवातीचा अर्धा सेकंद, गाणं साडेपंचवीस, तुमचा प्रश्न साडेतीन, शेवटचा अर्धा. बरोबर तीस झाले. ‘ये’ संपून प्रश्न येतो तिथे कॅसेटची खरखर ऐकू येते. तंत्रज्ञ ती पुसायला निघाला होता. मी राहू दिली.

नाव कोपऱ्यात, खाली डावीकडे: ‘गायिका कुजी मिसाओ’. लहान आहे, पण वाचता येतं. मी चष्मा काढून पाहिलं.

कॅसेट या पत्राबरोबर वेगळ्या डब्यातून येतेय. तिच्या दोन प्रती करून घेतल्या, त्याही त्यातच आहेत. कियो-सानना सांगा, एक अकरा वेळा लावायला, एक जपून ठेवायला. माझ्याकडे एकही ठेवलेली नाही. तो आवाज माझ्या घरात राहावा, हे मला बरोबर वाटलं नाही.

३१ तारखेला रविवार आहे. तुम्ही सकाळी बाजारात असाल, संध्याकाळी घरी. वेळ ठरली आहे: सहा वाजून त्रेपन्न मिनिटं. मी इथे टीव्हीसमोर बसेन. फोन करणार नाही. टीव्हीतून तुम्ही विचाराल, मग अर्धा सेकंद कुणीच बोलणार नाही. त्यानंतर लगेच हवामान.

या वेळी ते शेवटी लिहितोय. महिनाअखेरीस उत्तरेच्या किनाऱ्यावर पुन्हा बर्फ पडेल, असा अंदाज आहे.

तोगाशी शुइची